जावयांचा व्याजदर

चंद्रभागाबाईंना अक्षर लागत नसे, पण आकडा लागे. कोलशेतच्या मिठागरात तेरा वर्षांच्या असल्यापासून त्यांनी डोक्यावरून मीठ वाहिलं होतं. पाट्या मोजायला मुकादम बसे, आणि संध्याकाळी त्याच्या वहीत पाट्या नेहमी दोन-तीनने कमी भरत. तेव्हा चंद्रभागाबाईंनी ओटीत चिंचोके ठेवायला सुरुवात केली. एक पाटी, एक चिंचोका. संध्याकाळी सगळे चिंचोके मुकादमापुढे ओतायचे आणि त्याच्या डोळ्यांदेखत मोजायचे. मुकादमाचं तोंड बंद झालं. रोजच्या चिंचोक्यांत दोन चिंचोके पाटीशिवायचेच असत, हे मात्र त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. "आधी खाल्लेलं वसूल नको का व्हायला?" असं त्या पुढे लेकींना सांगत, आणि सांगताना चेहरा असा निष्पाप, की जणू आत्ताच देवळात नैवेद्य ठेवून आल्यात.

नवरा परशुराम एक्क्याण्णव साली गेला. दोन वर्षांनी खाडीकडची भातशेती एका सोसायटीच्या बांधकामाला गेली आणि चंद्रभागाबाईंच्या हातात चेक आला. त्यांनी तो ठाण्याच्या बँकेत नेऊन अकरा टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकला आणि त्याच आठवड्यापासून घरी पाहुणे वाढले. सहा-सहा महिने तोंड न दाखवणारी माणसं 'सहज आलो होतो' म्हणून चहाला बसू लागली. नुसतं सहज आलेलं माणूस पायातली चप्पल दाराबाहेर काढतं. पैशाला आलेलं माणूस ती सरळ लावून ठेवतं, असा त्यांचा ठोकताळा होता. दारात चपला नीट लावलेल्या दिसल्या की त्या आत जाऊन चहात साखर कमी घालत.

तीन लेकी. थोरली हौसा दिव्याला दिलेली, मधली तुळसा डोंबिवलीला, आणि धाकटी सगुणा घरात. सगुणा बारावी झाली आणि तिने कॉम्प्युटरचा हट्ट धरला. क्लास नौपाड्यात, संध्याकाळी सहा ते आठ. एवढ्या उशिरा पोरगी एकटी बसने कशी येणार, म्हणून चंद्रभागाबाई बरोबर जाऊ लागल्या. क्लासमध्ये एसी होता. चपला बाहेर काढून आत मागच्या खुर्चीवर बसलं की मे महिन्यातही अंगावर पदर ओढून घ्यावासा वाटे. सरांनी पहिल्या दिवशी "आजी, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल" असं सुचवून पाहिलं. आजींना त्या दिवशी ऐकूच आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या सरांसाठी घरच्या ओल्या काजूची भाजी घेऊन आल्या आणि खुर्ची कायमची त्यांची झाली.

दोन महिने त्यांनी पेंगून काढले. तिसऱ्या महिन्यात सरांनी एक्सेल सुरू केलं.

"समजा एक लाखाचं कर्ज आहे," सर सांगत होते. "व्याज बारा टक्के, मुदत पाच वर्षं. महिन्याचा हप्ता किती? यासाठी फंक्शन आहे, पीएमटी."

"पुण्याची बस?" एक मुलगा म्हणाला आणि सगळे हसले.

सरांनी चौकटीत काहीतरी टाईप केलं, बटण दाबलं आणि आकडा आला, दोन हजार दोनशे चोवीस. मग त्याखाली त्यांनी साठ ओळींचा तक्ता पाडला. प्रत्येक महिन्याला व्याज किती, मुद्दल किती, राहिले किती. चंद्रभागाबाईंचे डोळे उघडले. अक्षरं इंग्रजी होती, पण आकड्यांना भाषा नसते.

"आता गंमत बघा," सर म्हणाले, आणि वरच्या एका चौकटीत बाराच्या जागी पंधरा केले. साठच्या साठ ओळी एका क्षणात बदलल्या.

मागून आवाज आला. "सर, परत करा."

"काय, आजी?"

"त्यो वरचा आकडा. परत बदला."

सरांनी दहा केले. पुन्हा सगळा तक्ता हलला. चंद्रभागाबाई पुढे येऊन पडद्याजवळ उभ्या राहिल्या. एका बोटाने एक चौकट दाबायची आणि साठ महिने खालीवर करायचे! मुकादमाला हे माहीत असतं तर त्याने मिठागर विकत घेतलं असतं.

"आणि हे कागदावर छापून मिलतं?"

"मिळतं ना. पानाला दोन रुपये."

पहिलं पान छापलं ते दीर काळुरामसाठी. काळुरामला जीप घ्यायची होती, भाड्याने द्यायला. "वैनी, लाखभर द्या. घरातलंच तर हाय," तो म्हणाला. चपला दारात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "देतंय की. मी कधी नाय बोल्ली? पन आथा सगला कारभार कॉम्प्युटरवर टाकलाय. त्याला इचारते." आठवड्याने त्यांनी काळुरामच्या हातात भोकाभोकांच्या कडांचा लांब कागद ठेवला. साठ ओळी.

"ह्ये काय?"

"पयल्या तारखेला दोन हजार दोनशे चोवीस. साठ वेला."

"वैनी, मी तुमचा दीर हाय!"

"मना म्हाईत हाय रं. पन त्याला म्हाईत नाय ना. त्याला ना दीर, ना जावय."

काळुरामने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली, आणि चहा न पिताच गेला. चंद्रभागाबाईंनी त्याचा कप स्वतः संपवला. तो दिवस त्यांना फार आवडला. आजवर 'नाही' म्हणायला त्यांना स्वतःचं तोंड वापरावं लागायचं आणि मग वर्षभर त्याचे बोल ऐकावे लागायचे. आता दोन रुपयांत एक असा माणूस मिळाला होता जो 'नाही' म्हणे आणि ज्याच्याशी कुणाला भांडता येत नसे.

पण जावयांची गोष्ट वेगळी होती. जावयाला नाही म्हणता येत नाही, आणि दिलेलं परतही मागता येत नाही. पंच्याण्णवच्या जानेवारीत डोंबिवलीचे सुधीरराव आले. त्यांना पूर्वेला ब्लॉक घ्यायचा होता आणि पन्नास हजार कमी पडत होते. सुधीरराव आपल्यातलेच, पण बी. कॉम. झालेले, सरकारी कचेरीत कारकून, आणि बोलणं असं की रेडिओवर बातम्या लागल्यात. दोन महिन्यांनी दिव्याचे राघो आले. दिव्यात पाण्याची बोंब होती. जुना टेम्पो घेऊन चाळींना पिंपांनी पाणी पुरवायचं त्यांच्या डोक्यात होतं. तीस हजार हवे होते.

सुधीररावांच्या कागदाच्या वेळी सगुणा क्लासमध्ये कीबोर्डवर हात ठेवून बसली. "आई, रक्कम टाकली, महिने टाकले, अठ्ठेचाळीस. रेट किती टाकू?"

"ब्यांक मना किती देते?"

"अकरा."

"मंग अकरा टाक." चंद्रभागाबाई खुर्ची जवळ घेऊन बसल्या. "आथा मना सांग, आपल्या तुळसाचं नाव लग्नात काय ठेवलं त्यांनी?"

"तृप्ती."

"तुळसा माज्या आईचं नाव होतं. बदलताना मना इचारलं नाय. दोन वाढव."

सगुणाने आईकडे पाहिलं. मग हसू दाबत तेरा केले.

"बाबाच्या वर्षश्राद्धाला किती दिवस पाठवलं तिला?"

"सकाळी आली, संध्याकाळी नेली."

"एक वाढव. आनि त्या दिवशी माज्यासमोर तिला काय बोल्ला? 'तुमच्याकडचं बोलणं इथंच ठेवून ये.' त्याचा एक."

पंधरा झाले. सगुणाने बटण दाबलं. हप्ता तेराशे ब्याण्णव.

राघोंच्या कागदालाही अकरापासूनच सुरुवात झाली. पण हौसाला कावीळ झाली तेव्हा राघोंनी महिनाभर स्वयंपाक केला होता, धुणी धुतली होती, आणि शेजारी हसले तेव्हा त्यांना दोरीवर वाळत घातलेला परकर दाखवून "स्वच्छ निघालाय का बघा" असं विचारलं होतं. तीन टक्के कमी. होळीला पिऊन गटारात पडले त्याचा एक वाढला. नऊ. हप्ता नऊशे चोपन्न.

"आई, नऊने दिलेस तर बँकेपेक्षा तुझं नुकसान," सगुणा म्हणाली.

"त्ये डोंबिवलीकडनं निघतंय," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

दोन्ही जावयांनी कागद मुकाट्याने घेतले. राघोंनी तर "मामी, हे बरं झालं, नायतर देनं राहतंच" असं म्हणून कपाळाला लावला. सुधीररावांच्या भुवया आधी वर गेल्या. सासू व्याज घेते! पण त्यांनी कागदाचा टाईप पाहिला, उभ्या-आडव्या रेघा पाहिल्या आणि ते सावरले. "काँप्युटराइज्ड आहे म्हणजे पद्धतशीर आहे," ते म्हणाले. "बाजारातही सध्या हाच दर चाललाय. आपल्या लोकांना अशी शिस्त हवीच." चंद्रभागाबाईंनी मान खाली घालून पदराने तोंड पुसलं. हसू आलं की त्यांना नेहमी तोंड पुसावं लागे.

वर्ष निघून गेलं. हप्ते वेळेवर येत होते. शहाण्णवच्या जानेवारीत हौसाच्या मुलाचं बारसं दिव्याला निघालं. चाळीच्या गच्चीवर मांडव घातला होता. राघो स्वतःच्या टेम्पोतून पाण्याची पिंपं चढवत होते आणि प्रत्येक पाहुण्याला "पानी पाहिजे तेवढं वापरा" असं राजासारखं सांगत होते. सुधीरराव हात धुवायला खोलीत गेले. तिथे भिंतीवर, खिळ्याला लावलेल्या कॅलेंडरच्या बाजूला, राघोंचा कर्जाचा कागद चिकटवलेला होता. भरलेल्या प्रत्येक हप्त्यावर राघोंनी कुंकवाचं बोट उठवलं होतं. सुधीररावांनी कौतुकाने जवळ जाऊन पाहिलं. मग त्यांची नजर वरच्या कोपऱ्यात गेली.

चंद्रभागाबाई स्वयंपाकघरात घुगऱ्यांचं पातेलं उतरवत होत्या. सुधीरराव दारात येऊन उभे राहिले. हात ओलेच होते.

"आई, राघोंना नऊ टक्के आणि मला पंधरा?"

शेजारच्या बायकांचे हात थांबले. तुळसा कोपऱ्यात खोबरं किसत होती, तिने मान वर केली.

"कॉम्प्युटरनं काडलं असंल," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"काँप्युटर स्वतःहून काही काढत नाही. त्याला दर सांगावा लागतो. कोणी सांगितला?"

सुटायला वाट होती. सगुणाची चूक झाली म्हणता आलं असतं. पण पोरीवर ढकलणं त्यांच्या हिशोबात बसत नव्हतं. त्यांनी पातेलं खाली ठेवलं.

"मी सांगितला," त्या म्हणाल्या. "अकरा ब्यांकेचे. दोन नावाचे. एक श्राद्धाचा. एक माज्या लेकीच्या तोंडच्या बोलीचा. बेरीज करून बगा, चुकली असंल तर सांगा."

कुणीतरी फिसकन हसलं. सुधीररावांचे कान लाल झाले. "माझ्या वागण्यावर तुम्ही व्याज लावलंत?"

"पैशावरच लावलं. वागनं फुकट होतं म्हनून तर ही पाली आली."

"ठीक आहे," सुधीरराव म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज बातम्यांसारखा राहिला नाही. "महिन्याच्या आत तुमची पै न पै फेडतो. तृप्ती, चल."

बायका हसत होत्या, आणि चंद्रभागाबाईंनाही आतून गुदगुल्या होत होत्या. पण तुळसा किसणी बाजूला ठेवून उठली आणि जाताना आईच्या कानाशी म्हणाली, "तू तिकडं आकडं टाकतंस, आनि घास माज्या घशात आडकतो. मना इचारलं होतंस?"

एवढंच. ती गेली. चंद्रभागाबाईंनी घुगऱ्या वाढल्या, पाळणा म्हटला, पण घरी येताना बसमध्ये कंडक्टरने परत दिलेले सुटे पैसेही मोजून घेतले नाहीत. मिठागरात त्यांच्या दोन खोट्या चिंचोक्यांनी फक्त मुकादमाचं पोट दुखलं होतं. इथे मधे लेक उभी होती आणि ती त्यांनी तक्त्यात धरलीच नव्हती.

सुधीररावांनी शब्द पाळला. पंधरा दिवसांत चाळीस हजार एकशे बेचाळीस रुपये कोलशेतला आणून टेबलावर ठेवले, सगुणाकडून पावती घेतली, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "कल्याणला फायनान्स कंपनीत दहा टक्क्यांनी मिळालं. दहा! परक्या माणसांनी दिलं, आई."

चंद्रभागाबाईंना दोन महिने हे 'दहा' टोचत राहिलं. परक्याने दहाने द्यावं आणि आपण पंधरा घ्यावे, म्हणजे आपणच मुकादम झालो की काय?

मार्चच्या एका दुपारी तुळसा एकटी आली. पिशवीत मेथीची जुडी, जुडीखाली घडी केलेला कागद. "हे त्यांच्या कपाटातनं आणलंय," ती म्हणाली. "मना कळत नाय. दहा टक्के असून हप्ता वाढला कसा? आधी तेराशे ब्याण्णव होता. आता चौदाशे पंचेचाळीस. इचारलं तर बोलतात, तुला हिशोबातलं कळत नाही."

"किती महिने?"

"छत्तीस. तुजे पन तेवढेच राहिले होते."

चंद्रभागाबाईंनी कागद हातात घेतला. तितकेच पैसे, तितकेच महिने, व्याज कमी आणि हप्ता जास्त. त्यांनी चप्पल घातली आणि दोघी लेकींना घेऊन नौपाड्याला निघाल्या. क्लासची वेळ नव्हती, पण सर होते आणि घरून लोणच्याची बरणी आणलेली होती.

सरांनी कागद वाचला आणि हसले. "हा फ्लॅट रेट आहे. चाळीस हजारांवर दहा टक्के म्हणजे वर्षाला चार हजार, तीन वर्षांचे बारा. बावन्न हजार झाले, त्याला छत्तीसने भागलं. म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, पण व्याज मात्र शेवटपर्यंत अख्ख्या चाळीस हजारांवर."

"शेवटच्या महिन्यातबी? तवा तर हजार-दीड हजारच देनं उरलंय!"

"तेव्हाही चाळीस हजारांवरच."

"मंग खरं व्याज किती?"

"सगुणा, तू सांग. पीएमटीने हप्ता निघतो, उलटं जायला काय?"

"रेट," सगुणा म्हणाली आणि तिने टाईप केलं. छत्तीस महिने, चौदाशे पंचेचाळीस हप्ता, चाळीस हजार कर्ज. आलेल्या आकड्याला बाराने गुणलं. पडद्यावर जवळजवळ अठरा आले.

चंद्रभागाबाईंच्या पोटातून हसू निघालं, ते पदराला आवरेना. खुर्चीचा हात धरून त्या हसल्या, डोळ्यांतून पाणी आलं, सरांनी पाणी आणलं. "पंधराचा राग आला," त्या धापा टाकत म्हणाल्या, "म्हनून अठरा देतोय! आनि पावती घिऊन गेला माज्याकडनं!"

मग त्यांनी तुळसाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. अठरा टक्के तिच्याच घरातून जात होते. दूध, भाजी, पोराची फी यांतून. चंद्रभागाबाईंनी डोळे पुसले. "आथा इचारते," त्या म्हणाल्या. "काय करू, तू सांग."

तुळसाने विचार केला. ती घाईने बोलणारी नव्हती. "त्यांनी तुला परत केलेले पैसे कुठं हायेत?"

"ब्यांकेत. माज्या खात्यावर."

"ते माज्या खात्यावर टाक. बाबाच्या जमिनीतला माझा वाटा म्हणून. पुढचं मी बघते."

तुळसाने कल्याणला जाऊन चौकशी केली. मुदतीआधी फेडायचं म्हटल्यावर कंपनीने दंड लावला आणि एकूण एक्केचाळीस हजार मागितले. चंद्रभागाबाईंनी आठशे अठ्ठावन्न रुपये वर घालून पुरे एक्केचाळीस तुळसाच्या पासबुकात भरले, आणि रविवारी त्या आणि सगुणा डोंबिवलीला गेल्या. सुधीरराव पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. तुळसाने चहाबरोबर दोन कागद समोर ठेवले. एक कंपनीचा खरा दर काढलेला, दुसरा नवा.

पहिला कागद वाचायला त्यांना पाच मिनिटं लागली. बी. कॉम. होते, एकदा दाखवल्यावर न कळायला काय झालं? त्यांनी पेन काढून मार्जिनमध्ये स्वतः गुणाकार केला. पुन्हा केला. पेन बंद केलं.

"दहा म्हणाले होते," ते हळू आवाजात म्हणाले.

चंद्रभागाबाईंच्या जिभेवर किती वाक्यं तयार होती ते त्यांचं त्यांनाच माहीत. तुळसाने नुसतं बघितलं, आणि त्यांनी चहाचा घोट घेऊन ती सगळी गिळली.

"हा दुसरा कशाचा?" सुधीररावांनी विचारलं.

"माझा," तुळसा म्हणाली. "मी तुम्हाला एक्केचाळीस हजार देते. छत्तीस महिने. कंपनीचं उद्याच फेडून टाका. हप्ता तेराशे बासष्ट. पहिल्या तारखेला माझ्या हातात."

"तू... मला कर्ज देणार?"

"बँकेत मला अकरा मिळाले असते. एक टक्का वर, क्लासला जाण्यायेण्याचा. बारा. वागण्याचे काही लावलेले नाहीत."

सुधीररावांनी सासूकडे पाहिलं. चंद्रभागाबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होत्या, जणू त्यांना लोकल पकडायची होती. सुधीररावांनी कागद वरून खालपर्यंत वाचला. कर्ज देणाऱ्याच्या जागी सगुणाने इंग्रजीत 'तुळसा' टाईप केलं होतं. तिथे त्यांची नजर थोडी थांबली. मग त्यांनी सही केली. आणि नंतर, कुणाचं लक्ष नाही असं वाटून, ते गालातल्या गालात हसले. चंद्रभागाबाईंचं लक्ष होतं. लग्नानंतर सहा वर्षांत त्यांनी या माणसाला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

पुढे सुधीररावांना या गोष्टीची चटकच लागली. त्यांच्या कचेरीत कॉम्प्युटर आला होता आणि साहेब त्यावर पत्ते खेळत. सुधीरराव जेवणाच्या सुट्टीत त्यावर तक्ते काढू लागले. बिल्डिंगमधल्या लोकांचे कर्जाचे कागद आणून ते खरा दर काढत. तिसऱ्या मजल्यावरच्या विठ्ठल म्हात्रेची स्कूटर वीस टक्क्यांची निघाली, तेव्हा म्हात्रे दोन दिवस तिच्यावर बसला नाही. घरी मात्र पहिल्या तारखेला तेराशे बासष्ट रुपये मोजून तुळसाच्या हातात पडत, आणि ती ते दोनदा मोजून घेई. एकदा त्यांनी तीन तारखेला दिले तर तिने त्या हप्त्यावर दोन दिवसांचं व्याज नव्वद पैसे वेगळं मागितलं. "तीनशे पासष्टने भागलंस का?" त्यांनी विचारलं. "भागलं," ती म्हणाली. त्यांनी एवढ्या कौतुकाने तिच्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं.

सत्त्याण्णवच्या दिवाळीच्या आधी ते कोलशेतला आले. चपला दारात वाकड्यातिकड्या पडल्या होत्या. "आई," ते म्हणाले, "ठाण्यात एका दुकानावर बोर्ड लागलाय. फ्रिज, बिनव्याजी हप्ते. बारा महिने, हजार-हजार. तुम्हाला फ्रिज घ्यायचाय ना?"

"घ्यायचा हाय. पन रोख देनार मी. हप्त्यानं नाय."

"रोखच घ्यायचा. पण आधी जरा बसू की त्याच्याकडे."

चंद्रभागाबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं, आणि जुनं लुगडं नेसून आल्या, मिठागरातल्या दिवसांतलं.

दुकानात पंखा होता. मालकाने थंडा मागवला. सुधीरराव इस्त्रीच्या शर्टात जरा लांब, टीव्हीच्या रांगेपाशी, ओळख नसल्यासारखे उभे. चंद्रभागाबाईंनी फ्रिजचं दार उघडून आत डोकं घातलं, गारव्याचा एक श्वास घेतला आणि डोकं बाहेर काढलं.

"शेट, ह्यो रोखीनं कितीला?"

"साडेनऊ हजार, मावशी. पण रोख कशाला? महिन्याला हजार द्या. एक पैसा व्याज नाही!"

"बारा महिनं?"

"फक्त बारा."

"मंग साडेनऊचे बारा झाले नाय काय?"

"ते... ती सर्व्हिस असते, मावशी. ऑफिस खर्च. व्याज नाही."

चंद्रभागाबाईंनी बाटलीतला शेवटचा घोट आवाज करत ओढला आणि मान हलवली, अगदी पटल्यासारखी. मग टीव्हीच्या रांगेकडे वळून, दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "अवो साहेब, तुमी शिकलेलं दिसता. जरा या गरिबाला सांगाल काय, साडेनऊ हजार घिऊन बारा महिनं हजार-हजार दिलं, तर त्याचं व्याज किती बसतं?"

सुधीररावांनी खिशातून घडी केलेला तक्ता काढला, चष्मा लावला, आणि रेडिओवरच्या बातम्यांच्या आवाजात म्हणाले, "साडेपंचेचाळीस टक्के, आजी."

गिऱ्हाइकं मालकाकडे बघायला लागली. मालकाने एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा आजींकडे.

"मावशी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "रोखीत नऊ हजार द्या. घरपोच."

चंद्रभागाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "आठ," त्या म्हणाल्या, आणि अजून एक थंडा मागितला.